कै. बाळासाहेब खेर : जीवन व कार्य

ज्ञातीत जन्मास येऊन सार्वजनिक जीवनात नाव मिळविलेल्या एका पुरुषाचे चरित्र वार्षिक स्मरणिकेतून सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, या हेतूने यंदा कै. बाळ गंगाधर खेर यांची निवड केली आहे. मुंबई प्रांताचे ते दोन वेळा मुख्य प्रधान झाले आणि प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्रीही तेच होते. घरोघरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांचे नाव ऐकलेले असते. परंतु सज्जन गृहस्थ, गांधीभक्त मंत्री यापलीकडे त्यांच्याविषयीची माहिती तरुण मंडळींस बहुधा नसते, आणि जी असते तीत थोडी अढीही मिसळलेली असते. ती अढी कोठून आली हेही या लेखात सांगावयाचे आहे.

रत्नागिरीस जन्मलेल्या या पुरुषाचा आपल्या परिसराशी संबंध काय, असे कोणी विचारील. कल्याण स्थानक सोडून गाडी कर्जतच्या मार्गास लागली की पहिले स्थानक येते ते विठ्ठलवाडी. रुळांच्या एका अंगास कल्याण पूर्वेची वस्ती आणि दुसऱ्या अंगास उल्हासनगर. हे उल्हासनगर वसले ते खेरांच्या कारकिर्दीत. शिवाय ज्या ठाणे जिल्ह्यात आपण राहतो, त्याच्या उत्तरेकडील रानांत खेरांच्या आयुष्यातील सर्वांत जिव्हाळ्याचे कार्य झाले आणि त्यांच्या राजवटीवरील सर्वांत कठोर आक्षेपही तेथूनच आला. तो डहाणू-पालघरचा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. खेरांच्या काळी तो ठाण्यातच होता.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे मध्यम स्थितीच्या ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. १९०८ मध्ये ते पदवीधर झाले आणि संस्कृतातील नैपुण्याबद्दलचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांस मिळाले. कोकणातून निघावे, पुण्यास शिकावे, मुंबईस पोट भरावे, हा त्या पिढीतील आपल्या कितीएक घरांचा ठरलेला मार्ग होता. खेरही त्याच वाटेने गेले. कायद्याचा अभ्यास पुरा करून ते सॉलिसिटर झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी मणिलाल खेर आणि कंपनी या नावाने भागीदारीत पेढी काढली. ती पेढी पुढे मुंबईतील नामांकित पेढ्यांत गणली गेली.

सॉलिसिटर आणि कोर्टात भाषण करणारा वकील यांत त्या काळी मोठा भेद होता. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकाराची भेट घेणे, त्याचे कागद लावणे, दस्तऐवजाचा मसुदा करणे, शक्य तर तडजोड घडविणे हे काम सॉलिसिटरचे. न्यायाधीशांपुढे उभे राहून युक्तिवाद करणे हे ॲडव्होकेट-बॅरिस्टरांचे. टाळ्या दुसऱ्यास मिळतात आणि मेहनत पेढीत होते. बाळासाहेबांचे पुढील राजकारण पाहिले तर ते जन्मभर सॉलिसिटरच राहिले असे म्हणावेसे वाटते. सभा गाजविणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. मसुदा नीट करावा, दोन्ही पक्षांस बसवून घ्यावे, आणि जे ठरेल ते कायद्याच्या भाषेत पक्के करून टाकावे, ही त्यांची रीत होती. समाजाचे दुखणे कायद्याने बरे होते यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. या श्रद्धेने पुष्कळ साधले, आणि काही ठिकाणी ती अपुरीही पडली.

१९२२ च्या सुमारास गांधीजींस शिक्षा होऊन असहकाराचा भर ओसरला, आणि कायदेमंडळात जावे की न जावे हा वाद काँग्रेसमध्ये उत्पन्न झाला. त्यातून निघालेल्या स्वराज्य पक्षात खेर सामील झाले व त्याच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. तेथपासून त्यांचे राजकारण सुरू होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास पत्करला व १९३२ मध्ये पुन्हा पत्करला. चालती पेढी, घरसंसार आणि हायकोर्टाच्या परिसरातील प्रतिष्ठा मागे ठेवून ऐन चाळिशीत तुरुंगाची भाकरी खाणे ही गोष्ट आज वाचताना सोपी वाटते. ज्यांच्या घरी पेढीच्या मिळकतीवर संसार चालतो त्यांस तिचे मोल कळेल.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. पक्षाचे नेतेपद मुंबईचे लोकप्रिय पुढारी वीर नरिमन यांच्याकडे जाईल, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात निवड झाली ती खेरांची. सरदार वल्लभभाई पटेलांनी आपले वजन खर्च करून नरिमन यांस डावलले असा गवगवा झाला. गांधीजी व कायदेपंडित बहादुरजी यांनी चौकशी केली आणि नरिमन यांचा आरोप सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. तरी कुजबुज थांबली नाही. या प्रकरणात खेरांनी स्वतःकरिता खटपट केली असे मात्र कोणी म्हटलेले दिसत नाही. पद त्यांच्याकडे चालत आले आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या निराशेचे ओझेही आले.

गव्हर्नर दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असा भरवसा मिळेपर्यंत काँग्रेसने अधिकार स्वीकारला नाही. त्यामुळे १ एप्रिल १९३७ पासून धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ अधिकारावर होते. प्रांताचे पहिले मुख्य प्रधान म्हणून खेरांचे नाव सर्रास घेतले जाते, परंतु नोंद अचूक असावी म्हणून हे सांगितले. १९ जुलै १९३७ रोजी खेर मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. गृहखाते कन्हैयालाल मुनशी, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे, महसूल मोरारजी देसाई, आरोग्य व अबकारी डॉ. गिल्डर अशी वाटणी झाली, आणि शिक्षणखाते खेरांनी आपल्याकडे ठेवले. मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयांहून अधिक वेतन घ्यावयाचे नाही असा काँग्रेसचा दंडक होता.

शिक्षणखाते स्वतःकडे ठेवणे हा योगायोग नव्हे. हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची गांधीजींची वर्धा योजना १९३७ च्या अखेरीस पुढे आली. ती सरकारी यंत्रणेत कशी बसवावी याचा विचार करण्यासाठी मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने ज्या दोन समित्या नेमल्या त्या दोहोंचे अध्यक्ष खेर होते, व शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्या आजही खेर समित्या म्हणूनच ओळखल्या जातात. स्वातंत्र्यानंतर शिक्षणास पैसा कोठून आणावा हे ठरविणाऱ्या समितीचेही अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मध्यवर्ती सरकारने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा व प्रांतांनी पाचवा हिस्सा शिक्षणावर खर्चावा, असे तिने सुचविले. ही गोष्ट १९४८–४९ ची.

पहिली कारकीर्द सव्वादोन वर्षांची. तेवढ्यात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा व कुळांच्या संरक्षणाचा कायदा १९३९ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. औद्योगिक कलहाच्या कायद्याने संपावर निर्बंध आले. त्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कामगारांचा भांडणाचा हक्क काढून घेणारा तो कायदा होता असे आजही पुष्कळांचे मत आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. सॉलिसिटरास भांडण कोर्टाबाहेर मिटावे असे वाटते. गिरणीतील मजुराची गोष्ट निराळी असते. त्याच्या हाती संपाखेरीज दुसरे फारसे काही नसते.

याच काळातील खोतीचे प्रकरण आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सरकार व कसणारा यांच्यामध्ये वंशपरंपरेने बसलेला खोत कोकणात बऱ्याच ठिकाणी ब्राह्मण असे, हे सांगण्यास संकोच नको. ज्या समाजात खेर जन्मले त्यातील अनेकांची चूल खोतीवर पेटत होती. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर आला. खेरांनी शिष्टमंडळाची भेट घेतली, परंतु विधेयक पुढे सरकले नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि विषय तेथेच राहिला. दशकानंतर, १९४९ साली, खोती नष्ट करणारा कायदा झाला तो खेरांच्याच सरकारने केलेला. विरोधी बाकावरून आलेली मागणी दहा वर्षे मागे ठेवून मग आपल्या हातून पुरी करणे यास कोणी दिरंगाई म्हणेल. पण ती पुरी करताना आप्तेष्टांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली हेही तितकेच खरे आहे.

आता ठाणे जिल्ह्याकडे वळू. अधिकारावर येताच खेरांच्या सरकारने प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींची स्थिती तपासण्याकरिता सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. सावकार व जमीनदार यांच्याकडील न फिटणारे कर्ज, बिनमोल वेठ, जंगलच्या ठेकेदारांकडून होणारी लूट हे सर्व त्यात सरकारी कागदावर आले. लग्नाकरिता थोडे कर्ज घ्यावे आणि त्यापायी जन्मभर धन्याकडे राबावे, अशा मनुष्यास तिकडे लग्नगडी म्हणत. मुंबईपासून गाडीने काही तासांच्या अंतरावर हे चालत होते.

अहवालावर काम होण्यापूर्वीच मंत्रिमंडळ गेले. सत्ता गेल्यावर पुढारी विश्रांती घेतात किंवा पेढीवर परत जातात. खेर रानात गेले. १९४० मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक त्या कार्यात होते. वारली, कातकरी, ठाकूर यांच्या मुलांकरिता शाळा व वसतिगृहे काढावी, औषधपाणी द्यावे, दारू व कर्ज यांतून माणूस सोडवावा, असे त्याचे स्वरूप होते. १९४२ च्या ऑगस्टात खेरांस पुन्हा अटक झाली व १९४४ मध्ये सुटका झाली, तरी मंडळाचे काम बंद पडले नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले तेव्हा त्या भागात शिक्षणाची पेरणी काही अंशी होऊन चुकली होती.

परंतु त्याच १९४५ साली त्याच रानात दुसरे वारे सुटले. जानेवारीत आपल्या कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली व तिला उंबरगावकडील काही वारली आले. मे महिन्यात झरी या गावी वारल्यांची स्वतःची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडीपण झुगारून देण्याचा निश्चय झाला. पुढे गवत कापणीच्या मजुरीचा लढा आला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. तेव्हा प्रांतावर गव्हर्नरांचा अंमल होता, खेर अधिकारावर नव्हते. १९४६ च्या वसंतात ते पुन्हा मुख्य प्रधान झाले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात जंगलकामाच्या मजुरीवरून संप झाला, परुळेकर पतिपत्नींस जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले, आणि ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. या वेळी सरकार खेरांचे होते.

हा भाग गाळून खेरांचे चरित्र लिहिणे सोपे आहे, आणि तसे लिहिलेही गेले आहे. ते योग्य नव्हे. ज्या वारल्यांसाठी त्यांनी मंडळ काढले त्याच वारल्यांवर त्यांच्या पोलिसांनी गोळी चालविली. खेरांचा विश्वास सेवेवर व कायद्यावर होता. कोणी उपाशी माणूस स्वतः उठून आपला दर ठरवू पाहील, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसली नाही. परुळेकरांचे राजकारण पटो वा न पटो, वेठ मोडण्याचे श्रेय त्या संपांस द्यावेच लागते. गोदावरीबाईंनी पुढे त्या लढ्याची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. ज्यांस दुसरी बाजू वाचावयाची असेल त्यांनी ती अवश्य वाचावी.

तथापि खेर गोळीबारावर थांबले नाहीत हेही नोंदविले पाहिजे. १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढण्यास आरंभ केला. पूर्वी जंगलाचा कूप लिलावात ठेकेदार घेई. तो तोडणीस आदिवासी मजूर लावी, लाकूड व कोळसा शहरात विकी, आणि मजुरास वाटेल ते हातावर ठेवी. नव्या पद्धतीत कूप सोसायटीस मिळे, तोडणारेच तिचे सभासद असत, आणि मजुरी व नफा त्यांच्यात राही. आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्था कारकुनी व हिशेबाचे साहाय्य करीत. ठाणे जिल्ह्यात या सोसायट्या चांगल्या वाढल्या. त्यांतही पुढे दोष शिरले, कार्यकर्त्यांची मक्तेदारी झाली अशी तक्रार झाली. परंतु ठेकेदारास रानातून हलविण्याची युक्ती खेरांच्या राजवटीने दाखविली. ती सहकाराची, म्हणजे पुन्हा कायद्याच्याच वाटेने जाणारी होती.

दुसरी कारकीर्द १९४६ ते १९५२ अशी सहा वर्षांची. तीत झालेल्या कायद्यांची यादी फार लांबेल. आपल्या घरांच्या उंबरठ्याआत शिरलेले तेवढेच येथे घेऊ. १९४६ च्या कायद्याने मुंबई प्रांतात हिंदू पुरुषास पहिली पत्नी असता दुसरी करण्यास बंदी झाली. १९४७ च्या कायद्याने हिंदू स्त्रीपुरुषांस काडीमोड मागण्याचा अधिकार आला. सर्व देशास हे हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये मिळाले, म्हणजे मुंबई कित्येक वर्षे पुढे होती. द्विभार्याबंदीचा कायदा घटनाविरोधी आहे असा वाद हायकोर्टात गेला, आणि १९५१ मध्ये न्यायमूर्ती छगला व गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरविला. सवत येण्याच्या धाकात जगलेल्या किती आज्या-पणज्या या कायद्याने निर्धास्त झाल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले व मंदिर उघडले. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा होऊन प्रांतातील सर्व सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्वांस खुली झाली. ज्या गावाच्या नावात विठ्ठल आहे तेथील वाचकांस हे विस्तारून सांगावयास नको.

आणि १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा आला. कोणत्याही जातीने वा पंथाने आपल्या माणसास वाळीत टाकणे हा गुन्हा ठरला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा कायदा आवर्जून सांगावा असे मला वाटते. विधवेचा पुनर्विवाह, समुद्रपर्यटन, परजातीय विवाह अशा कारणांवरून पूर्वी घरेच्या घरे पंगतीबाहेर बसली, त्यांच्या मुलींची लग्ने अडली. ज्ञातीच्या हातातील ते शस्त्र आपल्यातीलच एका पुरुषाच्या सरकारने काढून घेतले. त्यानंतर ज्ञातिसंस्थांस उरले ते विद्यार्थ्यांस साहाय्य, वधूवर नोंदणी आणि वार्षिक मेळावे. हे झाले ते चांगलेच झाले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात हा कायदा रद्द ठरविला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा नवा कायदा व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले.

खेरांच्या नावाशी निगडित असलेली सर्वांत कडू आठवण १९४८ ची आहे. २० जानेवारीस दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट झाला. त्यात पकडलेल्या मदनलाल पहावाने आपणांस कटाविषयी पूर्वी सांगितले होते, ही हकीकत मुंबईच्या रुइया कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी दुसऱ्याच दिवशी खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानी घातली. तरी ३० जानेवारी टळली नाही. पुढे १९६६ मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने या सर्वाची छाननी केली, तोवर खेर हयात नव्हते. हत्येनंतर पुणे, सातारा आणि दक्षिणेकडील संस्थानांत ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापूर, सांगली ही तेव्हा संस्थाने असल्याने तेथे मुंबई सरकारचा अंमल नव्हता. सातारा जिल्ह्याचे तसे म्हणता येत नाही. प्रांताचा मुख्य प्रधान ब्राह्मण असून आमच्या घरांस संरक्षण मिळाले नाही, हे शल्य अनेक कुटुंबांनी मनात बाळगले. आरंभी जिचा उल्लेख केला ती अढी मुख्यतः येथून आली. ज्यांची वाडवडिलार्जित घरे गेली त्यांच्या दुःखास उत्तर नाही. परंतु मुख्य प्रधान आपल्या जातीचा आहे म्हणून आपणांस अधिक संरक्षण मिळावे, ही अपेक्षा मात्र बाळासाहेबांस मान्य झाली नसती. संरक्षण मिळावयास हवे होते ते नागरिक म्हणून, आणि ते पुरेसे मिळाले नाही हा दोष राज्यकर्त्यांकडे जातोच.

याच सुमारास कल्याणनजीक निर्वासितांचे लोंढे येत होते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने येथे छावणी व बराकी उभारल्या होत्या, त्या रिकाम्या होत्या. सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथे वसविण्यात आले व कल्याण कॅम्प हे नाव रूढ झाले. सुमारे लाखभर माणसे पाच कॅम्पांत विभागून राहिली. एका बराकीत अनेक कुटुंबे राहत, पाण्याची व रोजगाराची ओढाताण असे. पुनर्वसनाचा पैसा व धोरण बव्हंशी मध्यवर्ती सरकारचे होते, परंतु रेशन, शाळा, दवाखाने, पोलीस हा रोजचा भार प्रांताच्या माथ्यावर होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. आज विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर जो बाजार व जी वर्दळ आपण पाहतो तिचा आरंभ तो आहे. कॅम्प हा शब्द मात्र अद्याप लोकांच्या तोंडून गेलेला नाही.

त्याच वर्षांत पुणे विद्यापीठ, कर्नाटक विद्यापीठ, बडोद्याचे विद्यापीठ अशी विद्यापीठे उभी राहिली. दख्खनची संस्थाने मार्च १९४८ मध्ये, कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये व बडोदे त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत विलीन झाले. मराठी, गुजराती व कन्नड अशा तीन भाषांचा एवढा मोठा कारभार खेरांनी फारसा आवाज न करता सांभाळला. १९५० च्या एप्रिलपासून सबंध राज्यात दारूबंदी आली. तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. ती कशी पाळली गेली हे उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांस ठाऊक आहे.

शिक्षणाच्या बाबतीतला त्यांचा एक निर्णय मात्र मध्यमवर्गाने त्यांस कधी क्षमा केला नाही. पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून सुरू करण्यात आले. मुलाने प्रथम मातृभाषेत नीट विचार करावयास शिकावे, आणि खेड्यातील मुलास शहरातील मुलाबरोबर धाव घेता यावी, हा त्यामागील विचार. संस्कृत व इंग्रजी या दोहोंत वाढलेल्या माणसाने तो घेतला. परंतु ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी खासगी शिकवणी लावली किंवा इंग्रजी माध्यमाची शाळा धरली, आणि मागे पडली ती साध्या घरांतीलच मुले. हेतू समतेचा आणि फळ उलटे, असे येथे झाले असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५२ च्या निवडणुकीनंतर राज्याची सूत्रे मोरारजी देसाई यांच्याकडे गेली. खेर लंडनला भारताचे हायकमिशनर म्हणून गेले व १९५४ पर्यंत त्या पदावर होते. त्याच वर्षी त्यांस पद्मविभूषण हा किताब मिळाला. जून १९५५ मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. इंग्रजीच्या जागी हिंदी कशी व केव्हा आणावी, हा प्रश्न आयोगापुढे होता. देशभर साक्षी घेऊन १९५६ मध्ये अहवाल सादर झाला. सुनीतिकुमार चतर्जी व डॉ. सुब्बरायन यांनी त्यास भिन्नमतपत्रिका जोडल्या. सर्वांस बसवून मसुदा एकमताने पुरा करण्याची सॉलिसिटरची हातोटी त्या एका प्रकरणात चालली नाही, आणि त्या दोन पत्रिकांत मांडलेली भीती पुढे दक्षिणेत खरी ठरली.

८ मार्च १९५७ रोजी बाळासाहेबांचे देहावसान झाले. तेव्हा विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येऊन चारच महिने झाले होते. वांद्र्याची खेरवाडी व मलबार हिलवरील एक रस्ता त्यांचे नाव धारण करून आहेत.

१९४८ मध्ये त्यांच्या सरकारने केलेल्या कूळकायद्याने खंडाची मर्यादा जिराईत जमिनीस उत्पन्नाचा तिसरा व बागाईतीस चौथा हिस्सा अशी ठरविली होती. पुढे त्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७ हा मुक्रर झाला. कोकणातील व देशावरील आपल्या कितीएक घरांच्या सात-बारावरून त्या दिवशी मालकीचे नाव उतरले. खेरांस जाऊन त्या वेळी चोवीस दिवस झाले होते.